येते म्हण

शोकसभेला निघायच्या वेळी गुंडीने पायातल्या चपला काढून भिंतीवर भिरकावल्या आणि म्हणाली, "मी नाही येणार. आई खोटारडी आहे."

गुंडी म्हणजे माझी नात. जन्मली तेव्हा तोंड एवढंसं, कोटाच्या गुंडीसारखं गोल, म्हणून मी शिवणकाम करणाऱ्या बाईने तिला ते नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. अजून पाचाची व्हायचीय, पण हट्टाला पेटली की मोठ्यांना पाणी पाजते.

"आईबद्दल असं बोलू नये," मी म्हटलं.

"येते म्हणाली होती. आली नाही."

"अगं वेडे, ती बोलायची पद्धत असते. घरातून निघताना जाते म्हणत नाहीत. सगळेच येते म्हणतात. मीसुद्धा म्हणते की."

"तू म्हणतेस," गुंडी म्हणाली. "आई तशी म्हणत नव्हती."

पोरीचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं. माझा मुलगा आतून आला, त्याने चपला उचलून दाराशी जोडीने ठेवल्या आणि म्हणाला, "तू जा, आई. मी थांबतो हिच्याजवळ." तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आधीच अबोल, त्यात बायको गेल्यापासून 'हो' आणि 'नको' या दोन शब्दांवर त्याचा संसार चाललाय.

आम्ही गुंडीपासून काही लपवलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर मुलानेच तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, की आईचं हृदय थांबलं, आई मेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग येते का म्हणाली?" त्यानंतर कितीतरी दिवस ती शाळा सुटायच्या वेळेला जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायची. मग एक दिवस बसायची थांबली, आणि आईचा कपाटावरचा फोटो खुर्चीवर चढून तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला. आम्ही सरळ करायचो, ती परत फिरवायची. शेवटी मुलगा म्हणाला, राहू दे.

मला ते फार खुपायचं. लेकरू आईला हळूहळू विसरतं, ते एक वेळ समजू शकते. पण ज्या आईने तिच्यासाठी जिवाचं रान केलं, तिला खोटं ठरवून ही पोर मोठी होणार? माझ्या डोळ्यांदेखत? त्या रागातच मी घराबाहेर पडले. दारात सवयीने म्हटलं, "येते."

सभा सुनेच्या शाळेत होती. ती आमच्या घरापासून लांब नाही. वाटेत मी सुनेचाच विचार करत होते, म्हणजे खरं तर माझ्या भाषणाचा. शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला होता की घरच्यांपैकी कुणी चार शब्द बोलावेत. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मी लगेच म्हटलं, "मी बोलते." माझं तोंड कधी बंद नसतं. पँटची उंची स्वतः चुकीची सांगून माझ्यावर ढकलणाऱ्या गिऱ्हाइकाला मी भर दुकानात फैलावर घेते. माझी तिखट जीभ सुनेनेही सोसली. पण सोसली म्हणजे गप्प बसली असं नव्हे. आपलं म्हणणं शांतपणे सांगायची आणि मग तिला करायचं तेच करायची, त्यामुळे मी जास्तच भडकायचे.

पहिलीच्या वर्गाला शिकवायची ती. मोठे वर्ग देऊ केले तरी घेतले नाहीत. मी तिला कामावर घालायचे अंगरखे शिवून द्यायचे, तर म्हणायची, "आई, खिसे मोठे हवेत. आणखी मोठे." मी चिडवायचे, बाजारहाट करणार आहेस का त्यात? संध्याकाळी घरी येऊन खिसे रिकामे करायची तेव्हा त्यातून काय काय निघायचं! कुणाचा पडलेला दात कागदात गुंडाळलेला, कुणाचा एकच मोजा, माझ्या दुकानातल्या चिंध्यांची केलेली अक्षरं. 'ळ' तिने मखमलीचा केला होता. पोरांना ळ लिहायची भीती वाटते, म्हणायची, म्हणून तो हाताला मऊ लागला पाहिजे.

गुंडी अंगावर पीत होती तेव्हा मधल्या सुट्टीत ही बाई घरी धावत यायची. अक्षरशः धावत. कोपरापर्यंत खडू, कपाळावर घाम. बसायची, पाजायची, आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून परत पळायची. मी म्हणायचे, "बाटली लाव की तिला, एवढा जिवाचा आटापिटा कशाला?" ती म्हणायची, "मी येते म्हणून गेलेली असते ना, आई." मी ते ऐकलं आणि या कानाने घेऊन त्या कानाने सोडून दिलं. मला वाटलं, लाडाने बोलतेय.

आणखी एक गोष्ट. गुंडीला औषध पाजताना मी म्हणायचे, गोड आहे हं, आ कर. ती मला थांबवायची. गुंडीला सांगायची, "हे कडू आहे. खूप कडू. एका घोटात गिळ, मग पाणी देते." आणि ती पोर निमूट गिळायची, माझ्या हातचं थुंकून टाकणारी पोर! माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. कसली ही आई, म्हणायचे मी, लेकराशी दोन गोड शब्द बोलता येत नाहीत हिला.

सभागृहात पुढे सतरंजीवर तिच्या वर्गातली मुलं बसवली होती. मागे खुर्च्यांवर पालक आणि शिक्षक. सुनेचा मोठा केलेला फोटो टेबलावर होता, सरळ, आमच्याकडे बघणारा. मोठ्या बाई बोलल्या. सुनेच्या कष्टांबद्दल बोलल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तिच्या पाठीशी खंबीर उभ्या राहणाऱ्या या सासूबाई. घरून असा आधार असेल तरच बाई असं काम करू शकते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही मान खाली घालून, जशी घालायची असते तशी, ते कौतुक अंगाला लावून घेतलं.

मग मी उठले. मी एक प्रसंग सांगणार होते. तो मी शेजारणींना सांगितला होता, दुकानात मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगितला होता. सांगून सांगून इतका घोटला होता की कुठे थांबायचं, कुठे रुमाल काढायचा, सगळं आपोआप व्हायचं. ऐकणारा रडला नाही असं कधी झालं नव्हतं.

"ऑपरेशनला निघाली त्या सकाळची गोष्ट," मी सुरुवात केली. "हृदयाची झडप खराब होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की धोका आहे. मुलगा खाली रिक्षा घेऊन उभा. ही दारात गुडघ्यावर बसली, लेकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, 'गुंडे, मी जाते.' माझ्या काळजात धस्स झालं हो! मी म्हटलं, 'जाते काय म्हणतेस? येते म्हण!' ती म्हणाली, 'आई, राहू दे ना.' मी म्हटलं, 'येते म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू देणार नाही.' दारात आडवी उभीच राहिले मी. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, 'येते.'"

इथे मी थांबले. इथे थांबायचं असतं.

"आमच्या घरात बोललेला तिचा शेवटचा शब्द," मी म्हटलं. "जाता जाता सासूचा शब्द राखला पोरीने."

मागे खुर्च्यांवर रुमाल निघाले. पण पुढे सतरंजीवर काहीतरी वेगळंच चाललं होतं. मुलं एकमेकांच्या कानाला लागली होती. दोन घट्ट वेण्यांची, पुढचे दात पडलेली एक मुलगी उभी राहिली.

"बाई येते म्हणाल्या?" तिने विचारलं.

"हो गं बाळ."

"नक्की? येते असंच?"

"माझ्यासमोर म्हणाल्या."

ती गर्रकन वळली आणि ओरडली, "बाई येते म्हणाल्या!"

आणि अख्खी सतरंजी उठली. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलं. "कधी?" "सुट्टी संपल्यावर?" "मग मला बाईंचा डस्टर परत ठेवायचाय!" सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली, फुललेली, उत्तर मागणारी. माझ्या हातात रुमाल तसाच.

शेजारच्या वर्गाच्या बाई धावत पुढे आल्या. मुलांच्या मधोमध खाली बसल्या. "बसा रे. ऐका. बाई येणार नाहीत. बाई आपल्याला काय म्हणून गेल्या?"

"जाते," दोन-चार आवाज पुटपुटले.

"मग तेच खरं. या आजींना आपल्या वर्गाचा नियम माहीत नाही."

त्या ओरडून नाही बोलल्या, टोमणा म्हणूनही नाही. मुलं शांत व्हावीत म्हणून बोलल्या. पण धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. वेण्यांची मुलगी खाली बसली. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या हातातलं काही हिसकावून घेतलंय. खरंच घेतलं होतं. एकदा गेलेली बाई मी त्या मुलांना परत दिली आणि दुसऱ्यांदा नेली, तेही टाळ्या मिळवायला.

सभा कशी संपली ते मला नीट आठवत नाही. एक पालक येऊन माझा हात धरून म्हणाल्या, "किती छान बोललात हो." मला वाटलं, यापेक्षा यांनी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

मी शेजारच्या वर्गाच्या बाईंना गाठलं. "कसला नियम?" मी विचारलं.

त्या मला पहिलीच्या वर्गाच्या दाराशी घेऊन गेल्या. छोटी बाकं, खिडकीशी एक कोरडी कुंडी. "शाळेचे पहिले दिवस असतात ना," त्या म्हणाल्या, "मुलं या दारात गळे काढतात. आईबाप येतो येतो म्हणत पळ काढतात आणि न्यायला येतं भलतंच कुणीतरी. मग पोर दिवसभर दाराकडे बघत बसतं. तुमच्या सुनेचं म्हणणं, या वयात शब्द म्हणजे शब्द. त्यांना पद्धतबिद्धत कळत नाही. म्हणून तिचा नियम. जो स्वतः परत येणार, त्यानेच येते म्हणायचं. नाहीतर सरळ सांगायचं, मी जाते, तुला न्यायला आजोबा येतील. एकदा एका वडिलांना तिने फाटकापासून परत बोलावलं होतं. ते वैतागले. म्हणाले, जातो म्हणायला कसंतरी वाटतं हो. ही म्हणाली, तुम्हाला कसंतरी वाटेल ते घटकाभर. तो दिवसभर वाट बघेल."

"आणि ती स्वतः?"

"ती तर फारच काटेकोर. पाणी प्यायला गेली तरी येते म्हणायची आणि यायची. ऑपरेशनच्या आधी शेवटचा दिवस होता, तेव्हा मुलांना म्हणाली, मी जाते. परत यायला मिळालं तर धावत येईन, पण येते असं म्हणत नाही. काय रडली हो पोरं! आम्ही सगळ्या तिच्यावर चिडलो, की कशाला एवढं तोडून बोलायचं. पण दुसऱ्या दिवशी नव्या बाई आल्या तर मुलं त्यांच्यापुढे बसली. एकानेही दाराकडे पाहिलं नाही."

मी बाकाच्या कडेला टेकले. ते माझ्या गुडघ्याएवढंही नव्हतं.

"गुंडीला सांगायचं तिला फार जड जात होतं," त्या बाई बोलत राहिल्या. त्यांना काय माहीत माझ्या आत काय चाललंय. "मला म्हणायची, घरी आरशासमोर म्हणून बघते, गुंडे मी जाते, आणि आवाज फुटत नाही. पण म्हणेन, म्हणायची. वर्गातल्या पोरांना खरं सांगायचं आणि माझ्या पोरीला ताटकळत ठेवायचं, हे व्हायचं नाही माझ्याकडून."

आणि तिने म्हटलं होतं. बिचारीने आरशासमोर घोटून घोटून, काळजावर दगड ठेवून ते एक वाक्य लेकीला सांगितलं होतं, आणि मी दारात आडवी उभी राहून ते तिच्या तोंडातून परत काढून घेतलं. पक्की टीप घातलेली शिवण उसवावी तसं. वर त्याची गोष्ट करून गावभर मिरवत होते. फोटो भिंतीकडे कुणी फिरवला? गुंडीने नव्हे. मीच. लाज म्हणजे काय ते मला या वयात, पहिलीच्या बाकावर बसून कळलं.

घरी आले तेव्हा गुंडी जमिनीवर माझा गुंड्यांचा डबा ओतून रंग वेगळे करत बसली होती. मुलगा स्वयंपाकघरात भांडी घासत होता. मी चप्पल काढून तिच्यासमोर मांडी घातली. गुडघे दुखतात माझे, पण उभ्याने बोलायची हिंमत नव्हती.

"गुंडे, आई खोटं बोलली नाही."

तिने मान वर केली नाही. "येते म्हणाली."

"आधी काय म्हणाली?"

लाल गुंडी लालमध्ये गेली. "जाते."

"मग काय झालं?"

"मग तू ओरडलीस."

"हो. मी ओरडले. मी दार अडवलं आणि तिला येते म्हणायला लावलं. तिला म्हणायचं नव्हतं. ती येते म्हणाली तेव्हा कुणाकडे बघत होती, आठवतं तुला?"

गुंडी हात थांबवून विचार करू लागली. डोळे बारीक करून, अगदी आईसारखे.

"तुझ्याकडे," ती म्हणाली.

"आणि तुझ्याकडे बघून काय म्हणाली?"

"जाते." मग पुन्हा, हळू, "गुंडे, मी जाते."

"तेच खरं होतं. तुला तिने खरंच सांगितलं होतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. गुंडीने हातातली गुंडी खाली ठेवली.

"मग आई खोटारडी नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तू आहेस."

"गुंडे!" मुलगा दारातून म्हणाला. मी हात वर करून त्याला थांबवलं.

"हो," मी म्हटलं. "मी आहे."

ती उठली, खुर्ची ओढत कपाटाजवळ नेली, वर चढली आणि फोटो फिरवून सरळ केला. खाली उतरली आणि मग रडू लागली, आई गेल्यापासून पहिल्यांदा, तोंड उघडून, श्वास अडकेपर्यंत. माझ्याजवळून पुढे जाऊन ती बापाच्या पायांना बिलगली. त्याचे हात साबणाचे होते, तसेच त्याने तिला उचललं. मी जमिनीवर गुंड्या गोळा करत बसले. मला कुणी जवळ घ्यावं असं मी काही केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला कापड आणायला दुसऱ्या गावी जायचं होतं. परत यायला उशीर होणार, गुंडी झोपल्यावरच. मी पिशवी उचलली आणि दाराशी आले. तोंडावर शब्द तयार होता, जन्मभराच्या सवयीचा.

"आजी," गुंडी आतून म्हणाली, "जातेस का येतेस?"

माझा हात कडीवर राहिला. माझ्या आईने मला शिकवलेलं, तिला तिच्या आईने, की हा शब्द दारात उच्चारायचा नाही. सुनेवर मी त्यासाठीच डाफरले होते. आरशासमोर ती कशी उभी राहत असेल, ते मला तेव्हा दिसलं.

"आज तू झोपशील तोवर मी नसेन," मी म्हटलं. "जेवायला बाबा वाढतील. मी जाते, गुंडे."

"जा," ती म्हणाली.

मी जिन्याच्या वळणावर थांबून मागे पाहिलं. दार उघडं होतं. ती गुंड्यांचा डबा घेऊन बसली होती, पांढऱ्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या, आणि दाराकडे पाहत नव्हती.